चट्टा जुना झाला, तर तुकडा तपासून घ्या
(सामुदायिक रेडिओवरच्या आरोग्याच्या भागात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

कुणाची भांडी चालली असतील, कुणी भांगलत भांगलत मोबाईलवर ऐकत असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान मात्र इकडे ठेवा. मी तुमच्यासारखीच, बचत गटांचं काम बघणारी. डॉक्टर नाही, नर्स नाही. बी.ए. झालेय, तेही मराठी घेऊन. तरी आज मी एका आजाराबद्दल बोलणार आहे, कारण तो आमच्या घरात चार वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होता आणि आम्हाला ओळखू आला नाही. त्यात माझीही चूक होती. ती सांगितल्याशिवाय हे बोलणं पुरं होणार नाही.

आजार माझ्या सासूबाईंचा. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. 'माझं नाव घालून सांग, मला काय लाज न्हाय,' असं त्या म्हणाल्या होत्या. पण नाव नको, आत्याच म्हणू. तुमच्या घरातही एक आत्या असतीलच.

दिवाळीच्या आधी सारवण-पोतारा चालला होता. आत्या सारख्या मांडी खाजवत होत्या. मी म्हटलं, 'आत्या, दाखवा बरं.' त्या म्हणाल्या, 'अगं गजकर्ण हाय. घामानं हुतंय.' दोन रुपयांच्या नाण्याएवढा लालसर चट्टा होता. वर बारीक कोंडा. मीही म्हटलं, गजकर्णच. गटाचे पैसे भरायला बँकेत गेले, तेव्हा शेजारच्या औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. दुकानदार म्हणाला, 'ही लावा, दोन दिवसांत खाज बंद.' आणि खरंच बंद झाली.

तिथंच आम्ही फसलो.

मैत्रिणींनो, अशा बऱ्याच ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं. ते वाईटच असतं असं नाही, डॉक्टर योग्य आजाराला योग्य दिवस देतात. पण ते जवळजवळ कुठल्याही चट्ट्याची खाज आणि लाली काही दिवस दाबून टाकतं. आपल्याला वाटतं बरं झालं. लावायचं थांबवलं की चट्टा परत. खरंच गजकर्ण असेल, तर ही ट्यूब लावून ते आणखी पसरतं आणि त्याचं रूपही बदलतं, मग डॉक्टरलाही ओळखायला जड जातं. आणि गजकर्ण नसून दुसरंच काही असेल, तर ते पांघरुणाखाली वाढत राहतं. आमच्याकडे दीड वर्ष ट्यूब चालली. एक संपली की मी दुसरी आणायची. बँकेच्या पिशवीत पासबुकाशेजारी ट्यूब, असा माझा नेमच झाला होता.

पुढं चट्टे वाढले. कमरेला, जिथं परकराची नाडी बसते तिथं. बसायच्या जागेवर. छातीखाली. सगळे झाकलेल्या अंगावर. आत्या गावातल्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टर पुरुष, बाहेर बाकावर ओळखीची माणसं. आत्यांनी साडीवरूनच बोट दाखवलं, 'हितं खाजतंय.' त्यांनीही साडीवरूनच बघितलं आणि गजकर्णाच्या गोळ्या दिल्या. मी डॉक्टरला दोष देत नाही. न दाखवलेला चट्टा कुणाला दिसणार? पण बघणाऱ्यानेही एकदा म्हणायला हवं होतं, की नर्सताईंना बोलावतो, दाखवा.

तिसऱ्या वर्षी दंडावर आणि पोटरीवर फिकट पांढुरके डाग आले. ते झाकता येईनात. आमच्या आशाताई घरोघरी कुष्ठरोगाची पाहणी करत होत्या. त्यांनी डाग बघितले आणि नीट काम केलं, आत्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून डागावर पेनाचं टोक टेकवलं, 'कळतंय का?' विचारलं. आत्यांना प्रत्येक वेळी कळलं. कोपराजवळच्या, गुडघ्याजवळच्या शिरा चाचपून बघितल्या. म्हणाले, 'हा कुष्ठरोग वाटत नाही. पण हे साधंही वाटत नाही. जिल्ह्याला त्वचारोगाच्या डॉक्टरांना दाखवा.'

डॉक्टरांनी 'नाही' म्हटलं होतं. पण गावाने तेवढंच लक्षात ठेवलं, की 'त्या बाईची महारोगाची तपासणी झाली.'

आता माझी चूक सांगते. आमच्या गटाला तेव्हा पापडाची मोठी ऑर्डर होती. बैठकीत एक जण म्हणाली, 'आत्यांच्या हातचा पापड कोण खाईल? ऑर्डर गेली तर?' दुसरी म्हणाली, 'चार दिवस घरी बसू द्या की.' सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. समन्वयक मी आणि सूनही मीच. मी म्हणायला हवं होतं, की डॉक्टरांनी कुष्ठरोग नाही म्हणून सांगितलंय. आणि असता तरी औषध सुरू केलेल्या माणसापासून तो पसरत नाही. मला हे माहीत होतं. पण मी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव सदर सदस्यास कामातून रजा देण्यात येत आहे.' माझ्याच अक्षरात. त्या रात्री आत्या जेवताना स्वतःचं ताट वेगळं घेऊन उंबऱ्याशी बसल्या. मी काही बोलले नाही. तेही माझं चुकलंच.

त्यानंतर आम्ही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. पण दारावर पाटी होती, 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. आत्यांनी माझ्याकडून वाचून घेतली आणि पाटीखालूनच माघारी वळल्या. 'गुप्तरोग? म्हंजे मला कसली बाई समजतील?' तासभर समजावलं, ऐकेनात. एस.टी.ने परत आलो. आणखी आठ महिने गेले. तुमच्यातली कुणी अशा दारातून मागे फिरली असेल, तर सांगते, कातडीचे आणि गुप्त आजारांचे डॉक्टर एकच असतात, म्हणून पाटी तशी. आत बसलेली निम्मी माणसं खरूज, गजकर्ण आणि केस गळण्यासाठी आलेली असतात.

आठ महिन्यांनी कमरेचा चट्टा जाड झाला, हाताला उंचवटा लागायला लागला. तेव्हा आत्या स्वतःच म्हणाल्या, 'चल गं, काय व्हायचं ते हू दे.' या वेळी डॉक्टर बाई होत्या. त्यांनी पडदा लावला आणि आत्यांना डोक्यापासून तळपायापर्यंत बघितलं. काखा, जांघा, मान चाचपली. मग मला विचारलं, 'आजवर काय काय लावलं?' मी पिशवीतून ट्यूबा काढल्या. सात निघाल्या.

डॉक्टरबाईंनी शांतपणे सांगितलं, की यातला थोडा तुकडा काढून तपासावा लागेल. बायोप्सी. आत्यांचा चेहरा पडला. आपल्याकडे समज आहे ना, सुरी लागली की रोग पसरतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, 'आजी, तुकडा काढल्याने हा आजार पसरत नाही. न तपासल्याने मात्र कळत नाही.'

तुकडा केवढा काढतात? ज्वारीच्या दाण्याएवढा. थोडा मोठाही काढतात. आधी भूल देण्याची बारीक सुई टोचतात, ती मुंगी चावल्यागत लागते. मग पेनाच्या नळीसारखं एक धारदार गोल पातं फिरवून दाणा उचलतात. एखाद-दोन टाके. दाणा औषधाच्या बाटलीत. झालं. आत्या त्याच दिवशी एस.टी.ने घरी आल्या आणि संध्याकाळी भाकरी थापायला बसत होत्या, मीच उठवलं.

पहिला रिपोर्ट आला, 'इसबासारखे बदल.' आम्ही सुटलो म्हटलं! पण डॉक्टरबाई म्हणाल्या, 'माझं समाधान नाही. सगळी मलमं बंद करा, फक्त खोबरेल तेल लावा. चार आठवड्यांनी परत या, पुन्हा तुकडे घेऊ.' खरं सांगते, मला राग आला. म्हटलं, एकदा नाही निघालं ना, मग आता कशाला परत? त्यांनी मला समजावलं. ते माझ्या भाषेत तुम्हाला सांगते.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या अंगाची राखण करतात. त्यातल्या एका जातीला लिंफोसाइट म्हणतात. यातल्या काही राखणदार पेशी कातडीतही फिरत असतात. कुठं खरूज, कुठं इसब, कुठं जंतू, तिथं त्या गोळा होतात. काम झालं की निघून जातात. पण कधी कधी यातली एकच पेशी बिघडते आणि स्वतःसारख्याच पेशी काढत सुटते. हा झाला लिंफोमा, म्हणजे या राखणदार पेशींचा कॅन्सर. बहुतेक लिंफोमा गळ्यातल्या, काखेतल्या गाठींपासून सुरू होतात. काही मात्र थेट कातडीतच सुरू होतात. त्यांना कातडीचे लिंफोमा म्हणतात. हा दुर्मीळ आजार आहे. प्रत्येक चट्टा म्हणजे हाच, असं कृपा करून समजू नका. शंभर चट्ट्यांतले बहुतेक सगळे साधेच निघतील.

त्यात सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं नाव आहे मायकोसिस फंगॉइड्स. १८०६ साली पॅरिसमधल्या आलिबेर नावाच्या डॉक्टरांनी तो पहिल्यांदा टिपून ठेवला. त्या रोग्याच्या अंगावरच्या गाठी त्यांना अळंबीसारख्या दिसल्या, म्हणून नाव तसं पडलं. पण बुरशीचा आणि या आजाराचा काही संबंध नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं आमच्या कागदावर 'मायकोसिस' हा शब्द वाचून एका दुकानदाराने आम्हाला पुन्हा गजकर्णाच्याच गोळ्या काढून दिल्या होत्या.

आता पहिल्या तुकड्यात का कळलं नाही? पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी रानात बघा. कोवळं पीक आणि कोवळं गवत सारखंच दिसतं. जुन्या जाणत्या बाईलाही वाकून बघावं लागतं. तसंच या आजारात सुरुवातीला बिघडलेल्या पेशी थोड्या असतात आणि चांगल्या राखणदार पेशी त्यांच्याभोवती जास्त असतात. दुर्बिणीखाली बघणाऱ्या डॉक्टरला ते इसबासारखंच दिसतं. त्यात स्टिरॉइडचं मलम लावलेलं असेल तर पेशी आणखी कमी होतात. म्हणजे रान भांगलून घेतल्यावर 'गवत दाखवा' म्हणण्यातला प्रकार. म्हणून मलम काही आठवडे बंद ठेवून, वेगवेगळ्या चट्ट्यांतून, गरज पडली तर पुन्हा पुन्हा तुकडे घ्यावे लागतात. पहिल्या डागापासून नक्की निदान होईपर्यंत तीन-चार वर्षं, कधी जास्तच, जाणं हे या आजारात जगभर घडतं. आपल्याच नशिबी आलं असं नाही.

दुसऱ्या वेळी आत्यांचे दोन तुकडे घेतले, एक कमरेचा, एक दंडावरच्या पांढुरक्या डागाचा. या वेळी साध्या तपासणीबरोबर खास रंगांची तपासणी केली. त्यात पेशींवरच्या खुणा रंगवून बघतात, म्हणजे कुठल्या जातीच्या पेशी किती आहेत ते कळतं. एखादी नेहमीची खूण हरवली असेल, तर संशय पक्का होतो. आणि तरीही शंका राहिलीच तर जनुकांची एक तपासणी असते. तिचं मला असं समजलं. साध्या इसबात जमलेल्या पेशी म्हणजे मिसळीचं पीक, ज्वारी, मटकी, हुलगा, सगळं थोडं थोडं. लिंफोमात मात्र सगळं रान एकाच दाण्यातून वाढलेलं. ती तपासणी हेच बघते, की पीक मिसळीचं आहे की एकाच बियाण्याचं. पण एकट्या त्या तपासणीवरही निकाल देत नाहीत, कारण कधी साध्या आजारातही तसं दिसू शकतं. डोळ्यांनी बघितलेले चट्टे, दुर्बिणीतलं चित्र, रंगांची तपासणी आणि जनुकं, हे सगळं एकत्र मांडून डॉक्टर ठरवतात.

आमचं उत्तर आलं. मायकोसिस फंगॉइड्स, सुरुवातीचा टप्पा.

'कॅन्सर' शब्द ऐकून मी भिंतीला टेकले. आत्यांनीच विचारलं, 'बाई, किती दिस?' डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, 'आजी, याच्याबरोबर माणसं वर्षानुवर्षं राहतात. चट्टे थोडेच आहेत, गाठी नाहीत, रक्तात काही नाही. अशा बहुतेक लोकांचं आयुष्य या आजाराने कमी होत नाही.' मग त्यांनी आत्यांचाच हात चट्ट्यांवर ठेवून मोजलं. आपला तळहात बोटांसकट म्हणजे आपल्या कातडीचा साधारण शंभरावा भाग. आत्यांचे चट्टे सहा हातांत बसले. दहा हातांच्या आत आणि पातळ चट्टे, म्हणजे आजार अगदी सुरुवातीचा. त्याहून जास्त अंग व्यापलं, गाठी आल्या, जखमा झाल्या, अंगभर लाली आली, तर टप्पा पुढचा. त्यासाठी रक्ताची तपासणी, गाठी मोठ्या असतील तर त्यांची तपासणी, गरजेप्रमाणे स्कॅन करतात.

उपचारही सांगते. सुरुवातीच्या टप्प्यात मोठी केमो सहसा लागत नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मलम असतं. गंमत बघा, त्यात स्टिरॉइडही असतं, पण किती, कुठं आणि किती दिवस हे त्या सांगतात. आणि प्रकाशाचा उपचार असतो. एका उभ्या यंत्रात काही सेकंद, पुढं काही मिनिटं उभं राहायचं, आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. उन्हात बसणं म्हणजे तो उपचार नव्हे, घरी प्रयोग करू नका. पुढच्या टप्प्यात गोळ्या, इंजेक्शनं, किरणोपचार, केमो, असे वेगवेगळे मार्ग आहेत.

आता कागद-पेन घ्या. नसेल तर लेकीला लिहायला सांगा. कुठल्या चट्ट्याला काय म्हणायचं हे आपण ठरवायचं नाही. पण डॉक्टरकडे कधी जायचं, हे आपल्याला ठरवता यायला पाहिजे.

गजकर्ण बहुतेक वेळा गोल असतं, कडेला जास्त लाल आणि मध्ये बरं झाल्यासारखं. ते घरात एकाचं दुसऱ्याला होतं. डॉक्टर कोंडा खरवडून दुर्बिणीखाली बघू शकतात. साधी आणि स्वस्त तपासणी आहे.

कुष्ठरोगाच्या डागावर बधिरपणा असतो. स्पर्श, ऊन-गार कळत नाही. घाम येत नाही. असा डाग दिसला तर एक दिवसही थांबू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, आजार पूर्ण बरा होतो आणि औषध सुरू झालं की त्या माणसापासून दुसऱ्याला होत नाही.

कोडाचे डाग दुधासारखे पांढरे आणि कडा स्पष्ट. खाज सहसा नसते.

आणि कातडीच्या लिंफोमाची शंका कधी घ्यायची? सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला चट्टा. औषधाने जातो आणि परत येतो. ऊन न लागणाऱ्या, झाकलेल्या जागी आहे, म्हणजे कंबर, बसायची जागा, मांड्या, छाती, काखेजवळ. चट्टे एकसारखे नाहीत, कुठं लाल, कुठं तपकिरी. वरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, सुरकुतलेली. आपल्यासारख्या सावळ्या अंगावर कधी नुसते फिकट पांढुरके डागच दिसतात, लहान मुलांत आणि तरुणांतही. ते कोडासारखे, शिब्यासारखे, कुष्ठरोगासारखे वाटतात, पण त्यांत बधिरपणा नसतो. खाज असते, कधी नसतेही.

आणि लवकर जायचं कधी? चट्टा जाड झाला, गाठ आली, गाठ फुटून जखम झाली, सगळं अंग लाल होऊन आग-खाज सुटली, तळहात-तळपाय भेगाळले, काखेत-जांघेत गाठी लागल्या, ताप आणि वजन घटणं सुरू झालं. तेव्हा महिना-दोन महिने वाट बघू नका. वयस्कर बाईच्या पायावर लाल-जांभळी गाठ भराभर वाढत असेल, तर तिलाही फोड समजून पोटीस बांधत बसू नका. तो या आजाराचाच वेगळा, जोराने वाढणारा प्रकार असू शकतो.

डॉक्टरकडे जाताना चार गोष्टी करा. एक, लावलेल्या सगळ्या ट्यूबा, झाडपाल्याचं औषध असेल तर तेही, पिशवीत घ्या. दोन, चट्टा कधी आला ते आठवून लिहा. आपल्याला तारीख आठवत नाही, पण 'थोरलीच्या लग्नाच्या आधी', 'पूर आला त्या साली' एवढं आठवतं, तेवढं पुरतं. मोबाईलवर दर महिन्याला फोटो काढून ठेवा. तीन, सगळं अंग दाखवा. बाई डॉक्टर किंवा नर्स सोबत हवी म्हणून सांगा, तो आपला हक्क आहे. चार, तुकडा तपासल्यावर त्याच्या काचा आणि मेणाचा ठोकळा दवाखान्यात ठेवलेला असतो. दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात दाखवायचं झालं तर तो मागून घ्या. पुन्हा कापायची गरज कधी कधी तिथंच वाचते.

खर्चाचं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात त्वचारोग विभाग असतो. मुंबईत परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ पासून कॅन्सरचंच काम करतंय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा आणि कुठली तपासणी, कुठला उपचार बसतो ते विचारूनच पुढं जा. आणि एस.टी.चं भाडं, बुडालेली मजुरी? त्यासाठी तर आपला गट आहे. अंतर्गत कर्ज फक्त शेळी आणि शिलाई मशीनसाठी असतं असं कुठं लिहिलंय?

शेवटचं सांगते आणि थांबते.

आत्यांचं निदान झाल्यावर पहिल्याच बैठकीला मी इतिवृत्ताची वही उघडली आणि ते पान मोठ्याने वाचलं. 'प्रकृतीच्या कारणास्तव रजा.' म्हटलं, 'हे मी लिहिलं, हे चुकीचं होतं. आत्यांना जे झालंय ते शिवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, पापड लाटून होत नाही. आणि कुष्ठरोग असता तरी आपण असं वागायचं नव्हतं.' कुणी काही बोललं नाही. जी बाई तेव्हा ऑर्डरचं म्हणाली होती, ती उठली आणि आत्यांच्या पुढ्यात पोळपाट ठेवला. आत्या म्हणाल्या, 'अगं, आधी पीठ तर मळा. नुस्तं पोळपाट काय चाटू?' सगळ्या हसल्या. मी पुढच्या ओळीत लिहिलं, 'सदर रजा रद्द.'

आत्यांचे चट्टे पूर्ण गेले नाहीत. काही गेले, काही फिके झाले, पावसाळ्यात एखादा नवा डोकावतो. दर चार महिन्यांनी आम्ही दोघी त्याच पाटीखालून आत जातो. ताट आता उंबऱ्याशी नसतं.

आमच्या गटात आम्ही एक पद्धत पाडलीय. वर्षातून एकदा, संक्रांतीच्या आसपास, जिवाभावाच्या दोघी दोघींनी एकमेकींची पाठ, कंबर बघायची. जिथं आपले डोळे पोचत नाहीत, तिथं मैत्रिणीचे पोचतात. हळदी-कुंकवाच्या वाणाबरोबर तेवढी पाच मिनिटं काढा. आणि कुणाच्या अंगावर जुना चट्टा दिसला, तर ट्यूब आणून देऊ नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

मी पुढच्या भागात भेटेन. नमस्कार.